रॅली स्पर्धांचे नियमन : बंधन गाडीवर असावे की रस्त्यावर?

घाटमाथा

मोटारींची ट्रॅकवरची शर्यत आणि रॅली यांच्यात एक मूलभूत फरक आहे आणि रॅलीची सारी नियमावली त्या फरकातूनच उभी राहिली आहे, असे माझे मत आहे. ट्रॅक आयोजकाच्या ताब्यात असतो, त्याला कुंपण असते आणि प्रेक्षकांच्या जागा आधीपासून बांधलेल्या असतात. रॅलीचा रस्ता मात्र गावाचा असतो. तो काही तासांपुरता मागून घेतलेला असतो आणि त्या काही तासांतही कडेच्या वस्तीवरचा माणूस, त्याची गुरे आणि शेताकडे जाण्याची त्याची नेहमीची वाट तिथेच असते. म्हणून रॅलीचे नियम करणाऱ्याला गाडी, वेळ आणि रस्त्याकडेची माणसे या तिन्हींचा बंदोबस्त एकाच वेळी करावा लागतो.

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा १९७३ साली सुरू झाली. तेव्हापासून आजवर गाडीबद्दलचे नियम वारंवार आणि तपशिलात बदलत गेले आहेत. त्यातला सर्वांत गाजलेला बदल १९८६ सालचा. १९८२ पासून ‘ग्रुप बी’ नावाचा गट चालू झाला होता. त्यात एखादे मॉडेल स्पर्धेसाठी मान्य करून घ्यायला निर्मात्याने केवळ २०० गाड्या बनवल्या तरी पुरे होते, तर ‘ग्रुप ए’साठी हाच आकडा ५००० होता. २०० गाड्या तोट्यात बनवणे मोठ्या कंपन्यांना सहज परवडणारे होते. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीशी नावापुरते नाते असलेली, वजनाला हलकी आणि साडेचारशे अश्वशक्तीच्या पुढची यंत्रे डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर धावू लागली.

मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत सिंत्राजवळच्या लागोआ अझुल टप्प्यावर झ्वाकिम सांतुश या चालकाची फोर्ड आरएस २०० गर्दीत घुसली. तीन प्रेक्षक मृत्युमुखी पडले आणि तिसांहून अधिक जखमी झाले. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघांतल्या चालकांनी एकत्र बसून निवेदन काढले आणि स्पर्धेतून अंग काढून घेतले. दोनच महिन्यांनी, २ मे रोजी, कॉर्सिकात हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो यांची लान्चिया डेल्टा एस४ दरीत कोसळून जळाली आणि दोघेही गेले. बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला आणि त्याच रॅलीत, अत्तिलिओ बेत्तेगा मरण पावला होता. तेव्हाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष झाँ-मारी बालेस्त्र यांनी लगोलग १९८७ पासून ग्रुप बी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

या निर्णयाची आजही वाहवा होते आणि तो योग्यच होता. परंतु पोर्तुगालच्या त्या दिवसाची जुनी छायाचित्रे पाहिली की एक गोष्ट खटकत राहते. लोक रस्त्याच्या कडेला नव्हते, रस्त्यातच होते. गाडी जवळ आली की गर्दी दुभंगायची आणि गाडी गेली की पुन्हा मिटायची. त्या जागी निम्म्या ताकदीची गाडी असती तरी घसरल्यावर ती माणसांतच शिरली असती. गाडीवर बंदी घालणे हे एका सहीचे काम होते. लाखभर प्रेक्षकांना दोरीच्या मागे उभे करणे हे वर्षानुवर्षांचे काम होते आणि ते पुढे कितीतरी सावकाश झाले. रॅलीचा खरा नियम रस्त्याचा असतो, असे मी म्हणतो ते या अर्थाने. जाणकारांनी आपले मत सविस्तर मांडावे, ही विनंती.

पायवाट

लेख आवडला. माझ्यासारख्या नवख्या वाचकासाठी एक खुलासा हवा आहे. आमच्याकडे पावसाळ्यात ज्या रॅली होतात त्यांत गाड्या इतर वाहनांबरोबर अगदी सावकाश जाताना दिसतात आणि त्यांनाही रॅलीच म्हणतात. मग नियम एकच असतात का? आणि रस्ता बंद नसेल तर शर्यत कशी होते?

टाइमकार्ड

पायवाट, आपण पाहता त्या बहुधा टीएसडी प्रकारच्या रॅली असाव्यात. टीएसडी म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा हिशेब. आयोजक ताशी सरासरी वेग ठरवून देतो, तो कायद्याच्या मर्यादेतला असतो आणि स्पर्धकाने तो तंतोतंत पाळायचा असतो. ठिकाणावर लवकर पोहोचलात तरी दंड आणि उशिरा पोहोचलात तरी दंड. तिथे चालकापेक्षा नॅव्हिगेटरची, म्हणजे शेजारी बसून वाट आणि हिशेब सांभाळणाऱ्याची, कसोटी लागते आणि रस्ता बंद करण्याची गरज पडत नाही.

घाटमाथा यांनी लिहिले आहे ती स्टेज रॅली. तिच्यातही दोन प्रकारचे रस्ते असतात. ‘स्पेशल स्टेज’ म्हणजे रहदारीला पूर्ण बंद केलेला तुकडा. तिथे गाड्या एकेक करून सोडतात आणि प्रत्येकीची वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजली जाते. एका स्टेजपासून दुसरीपर्यंत जाण्याचा रस्ता मात्र खुला असतो. तिथे स्पर्धक हा तुमच्याआमच्यासारखाच वाहनचालक असतो. गाडीला नंबरप्लेट लागते, सिग्नल पाळावा लागतो आणि वेगमर्यादा मोडली तर पोलिसांचा दंड भरावा लागतो, शिवाय स्पर्धेचे स्टुअर्ड, म्हणजे निवाडा करणारे अधिकारी, शिक्षा करतात ती वेगळी. विश्वविजेत्यालाही यातून सूट नाही.

या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे टाइम कार्ड. प्रत्येक टाइम कंट्रोलवर, म्हणजे या कार्डावर वेळ नोंदवण्याच्या ठिकाणी, पोहोचण्याचे मिनिट ठरलेले असते. गाडी पिवळ्या फलकापर्यंत आणून थांबवता येते, पण लाल फलकाच्या हद्दीत आपल्या मिनिटाच्या हिशेबानेच शिरायचे असते. सहचालक घड्याळाकडे पाहत उतरतो, टेबलाशी जातो आणि ते मिनिट लागल्यावरच कार्ड पुढे करतो. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दहा सेकंद दंड, आणि लवकर आल्याच्या प्रत्येक मिनिटाला पूर्ण एक मिनिट दंड. लवकर येण्याची शिक्षा सहापट का, असे नवे लोक विचारतात. कारण उघड आहे. उशीर बिघाडामुळे होतो, तर लवकर पोहोचायचे म्हणजे खुल्या रस्त्यावर गाडी दामटली पाहिजे. लोकांच्या रहदारीत घाई करण्याला या खेळात काहीही बक्षीस मिळू नये, अशी ही तजवीज आहे. माझ्या मते संपूर्ण नियमावलीतले हे सर्वांत शहाणे कलम आहे.

टाइम कंट्रोलवरची एक घटना सांगण्यासारखी आहे. २००५ साली वेल्सच्या रॅलीत मार्को मार्टिनची प्यूजो झाडावर आदळली आणि त्याचा सहचालक मायकेल पार्क जागीच गेला. उरलेल्या स्टेज रद्द झाल्या. सेबास्तियन लोब तेव्हा पहिला होता आणि त्या विजयाने त्याचे विश्वविजेतेपद त्याच दिवशी पक्के होणार होते. त्याने वेळेच्या नियमाचा आधार घेऊन मुद्दाम दोन मिनिटांचा दंड ओढवून घेतला आणि तो तिसऱ्या क्रमांकावर उतरला. पेटर सोल्बर्गच्या नावावर गेलेला तो विजय सोल्बर्गनेही साजरा केला नाही. अशा दिवशी विजेतेपद नको असलेल्या माणसाला नियमांच्या चौकटीत राहूनच तसे करता आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यंत्रवेडा

घाटमाथा यांच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. गाडीवरचे बंधन म्हणजे केवळ एका सहीचे काम, हे म्हणणे तांत्रिक तपासनिसांवर अन्याय करणारे आहे. नियम लिहिणे सोपे असेल, पण तो पाळला जातो की नाही हे पाहणे अतिशय कष्टाचे काम आहे.

उदाहरण रेस्ट्रिक्टरचे घेऊ. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्राच्या, तोंडाशी ठरावीक व्यासाची एक नळी बसवायची आणि इंजिनाला लागणारी सगळी हवा तिच्यातूनच आत जायची, अशी सक्ती असते. त्या अरुंद भागातली हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचली की टर्बोने कितीही जोर लावला तरी जास्त हवा आत येऊ शकत नाही. हवा मर्यादित म्हणजे जाळता येणारे इंधन मर्यादित, आणि म्हणून ताकदही मर्यादित. इंजिन न उघडता ताकदीवर लगाम घालण्याचा इतका सरळ उपाय दुसरा नाही. १९९५ पासून हा व्यास ३४ मिमी होता, २०११ साली १६०० सीसीची इंजिने आली तेव्हा तो ३३ मिमी झाला आणि २०१७ साली ३६ मिमी केल्यावर ताकद ३८० अश्वशक्तीच्या आसपास गेली. तीन मिलिमीटरांचा फरक केवढा असतो ते यावरून कळते.

आणि याच नळीभोवती रॅलीच्या इतिहासातली सर्वांत हुशार लबाडी झाली. १९९५ साली कातालुन्याच्या रॅलीत टोयोटा संघाच्या सेलिका गाड्यांचा टर्बो तपासनिसांनी उघडला. नळी जोडलेली असताना आतल्या स्प्रिंगच्या चकत्यांमुळे रेस्ट्रिक्टर जागेवरून सुमारे ५ मिमी सरकत असे आणि त्या फटीतून जादा हवा आत जात असे. तपासणीसाठी नळी सोडवली की तो आपोआप जागेवर येऊन बसे, त्यामुळे बाहेरून मोजणाऱ्याला माप अचूकच मिळे. फिया या मोटरक्रीडेच्या जागतिक नियामक संस्थेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनी, मोटरक्रीडेतल्या आपल्या ३० वर्षांत इतके कुशल साधन पाहिले नसल्याचे सांगितले. संघाचे त्या मोसमातले गुण काढून घेण्यात आले आणि त्यावर एक वर्षाची बंदी आली. संघाचा चालक यूहा कांकुनेन तेव्हा विजेतेपदाच्या शर्यतीत होता, पण त्याचेही गुण गेले.

पुढे २०१२ साली पोर्तुगालमध्ये मिक्को हिर्व्होनेन जिंकला आणि त्याच दिवशी बाद झाला. क्लच आणि टर्बोचे भाग मान्यतापत्रात नोंदलेल्या भागांशी जुळत नव्हते. विजय मॅड्स ओस्टबर्गला मिळाला. या मान्यतापत्राला होमोलोगेशन म्हणतात आणि त्यात गाडीच्या एकेका भागाची मापे, वजने आणि छायाचित्रे असतात. तपासनीस तेच कागद हातात घेऊन गाडी उघडतात. रॅलीच्या आधी इंजिन, टर्बो आणि गिअरबॉक्सला सील लावतात, मधल्या काळात कोणत्याही क्षणी तपासणी करतात आणि शेवटी पार्क फर्मेत, जिथे संघातल्या कोणालाही गाडीला हात लावता येत नाही, तिथून निवडक गाड्या नेऊन पार सुट्या करतात. हे होत नसते तर कडेच्या दोरीला काही अर्थ राहिला नसता, कारण गाडी किती वेगाने येणार हेच कोणाला ठाऊक नसते.

पायवाट

यंत्रवेडा, ही कडक तपासणी नेहमी निष्पक्ष असते का? कारण नियम जितका बारीक, तितकी मर्जीने वापरण्याची सोय अधिक, असे इतर क्षेत्रांत दिसते.

यंत्रवेडा

नेहमी निष्पक्ष होती असे म्हणता येणार नाही. १९६६ च्या माँटे कार्लो रॅलीत पहिल्या तीनही क्रमांकांवर ब्रिटिश मिनी कूपर होत्या. टिमो मॅकिनेन, राउनो आल्तोनेन आणि पॅडी हॉपकर्क यांच्या या गाड्या, आणि चौथ्या क्रमांकाची फोर्ड कॉर्टिनाही, हेडलाइटच्या कारणावरून बाद ठरवण्यात आल्या. त्यांच्या मुख्य दिव्यांत एकतंतू आयोडीन बल्ब होते आणि प्रखर झोत खाली करण्याची त्यांची पद्धत नियमात बसत नाही, असा निर्णय झाला. पाचव्या क्रमांकाची फ्रेंच सित्रोएन विजयी ठरली. फ्रेंच आयोजकांनी फ्रेंच गाडी जिंकवली, असा आरोप झाला आणि तो कायमचा चिकटला. जिंकलेल्या चालकालाही त्या विजयाचा आनंद झाला नाही. त्याचे नाव पाउली तोइव्होनेन. वर ज्याच्या मृत्यूचा उल्लेख आला तो हेन्री त्याचाच मुलगा.

आज निर्णय लिखित आणि कारणांसहित द्यावा लागतो, संघाला बाजू मांडण्याची संधी मिळते आणि आंतरराष्ट्रीय अपील न्यायालयापर्यंत जाता येते. स्टुअर्ड आयोजकापासून स्वतंत्र असतात. स्पर्धा चालवणारा अधिकारी म्हणजे क्लर्क ऑफ द कोर्स वेगळा आणि शिक्षा ठरवणारे स्टुअर्ड वेगळे, ही विभागणी १९६६ सारख्या प्रकरणांमुळेच अधिक काटेकोर झाली असावी, असा माझा तर्क आहे.

मार्शल_जुना

मी नाशिक परिसरातल्या काही रॅलींमध्ये स्वयंसेवक मार्शल म्हणून उभा राहिलो आहे, म्हणून घाटमाथा यांच्या बाजूने चार शब्द लिहितो.

मार्शलच्या हातात शिट्टी, झेंडा, फीत आणि नशीब चांगले असेल तर वायरलेस असतो. पहाटे अंधारातच आम्हाला आपापल्या वळणावर सोडतात. मग कडेच्या पायवाटा शोधून त्यांना फीत लावायची, वस्तीवर जाऊन पुन्हा एकदा सांगायचे की अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत रस्ता बंद आहे, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला कोणी उभे राहू नये म्हणून घसा कोरडा करायचा. पहिल्यांदा आलेल्या प्रेक्षकाला वळणाची बाहेरची बाजूच सोयीची वाटते, कारण तिथून गाडी समोरून येताना दिसते. गाडी घसरली तर तिथेच जाणार, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

स्पर्धेच्या गाड्यांआधी तीन शून्यांची, मग दोन शून्यांची आणि शेवटी एका शून्याची, अशा आयोजकांच्या गाड्या स्टेजमधून जातात. पहिली गर्दीला सूचना देते, दुसरी बंदोबस्त पाहते आणि शेवटची जवळजवळ स्पर्धेच्याच वेगाने जाऊन रस्ता तयार असल्याचे कळवते. या गाड्यांतल्या अधिकाऱ्याने प्रतिकूल अहवाल दिला तर स्टेज रद्द होऊ शकते. जागतिक स्पर्धेत सुरक्षेची जबाबदारी काही वर्षे मिशेल मुताँ यांच्याकडे होती. त्या स्वतः १९८१ आणि १९८२ साली ऑडी चालवून चार जागतिक रॅली जिंकलेल्या. गर्दी हटत नसेल तर स्टेज थांबवण्यास त्या कचरत नसत, आणि त्यांच्या शब्दाला वजन असण्याचे कारणही हेच होते की वेगाची भीती दाखवणारी ही व्यक्ती स्वतः त्या वेगाने गेलेली होती.

आपल्याकडची सर्वांत दुःखद घटना सप्टेंबर २०१९ मधली आहे. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या एका फेरीत बंद केलेल्या स्टेजवर एक मोटारसायकल शिरली आणि स्पर्धेतल्या गाडीची तिला धडक बसून एकाच कुटुंबातले तिघे मरण पावले. ती फेरी तिथेच रद्द झाली. त्या गाडीच्या रेस्ट्रिक्टरचा, वजनाचा किंवा होमोलोगेशनचा या मृत्यूंशी काहीही संबंध नव्हता. एका वाटेने रस्त्यावर येणे शक्य राहिले, एवढेच कारण तीन जीव जायला पुरेसे ठरले. ही बातमी वाचली तेव्हा मला माझ्या वळणांवरच्या सगळ्या पायवाटा आठवल्या आणि आजही एखाद्या स्पर्धेला गेलो की मी आधी त्याच मोजतो.

काळी_कपारी

कायद्याची बाजू थोडक्यात नोंदवते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे आणि तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचा परवाना हा खेळापुरता असतो. रस्ता बंद करण्याचा अधिकार शासनाकडून आणि जिल्हा प्रशासनाकडूनच मिळवावा लागतो. आयोजकाकडे दोन्ही नसतील तर स्पर्धा नियमबाह्य ठरते, मग गाड्यांत रोल केज म्हणजे आतला संरक्षक लोखंडी पिंजरा आणि चालकांच्या डोक्यावर उत्तम हेल्मेट असले तरीही.

माझी तक्रार अशी की परवानगीचा कागद हा केवळ परवानगीचा असतो. किती मार्शल, किती अंतरावर वायरलेस, रुग्णवाहिका कुठे, गावकऱ्यांना किती दिवस आधी आणि कोणत्या भाषेत सूचना, या गोष्टी त्या कागदातच अट म्हणून लिहिल्या जायला हव्यात, म्हणजे त्या मोडल्यास प्रशासनालाही स्टेज थांबवता येईल.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. यंत्रवेडा यांनी तपासनिसांच्या कष्टांबद्दल लिहिले ते मला मान्य आहे. तरीही माझ्या मुद्द्याला बळ देणारे एक उदाहरण देतो, कारण त्यात गाडी आणि रस्ता यांची सरळ गाठ पडते.

२०१७ साली गाड्यांची ताकद वाढवली तेव्हा स्वीडनच्या रॅलीत क्नोन नावाच्या स्टेजवर पहिल्याच फेरीत सरासरी वेग ताशी १३७ किलोमीटरवर गेला. फियाच्या मते तो १३० च्या आत राहायला हवा होता. म्हणून त्याच स्टेजची दुसरी फेरी रद्द करण्यात आली. कोणी जखमी नव्हते आणि एकही अपघात झाला नव्हता. काही चालक नाराज झाले, कारण त्यांच्या मते बर्फाच्या भिंतींमधला तो सरळ रस्ता वळणावळणांच्या रस्त्यापेक्षा सुरक्षित होता. त्या वर्षी फिनलंडमध्ये वेग कमी करण्यासाठी सरळ रस्त्यांवर कृत्रिम अडथळे ठेवले, त्यावरही चालकांनी टीका केली. नेमका आकडा कोणता असावा यावर वाद होऊ शकतो, परंतु माणूस मरण्याआधी रद्द झालेली स्टेज मला १९८६ च्या बंदीपेक्षा मोठा निर्णय वाटते.

पायवाट

शेवटचा प्रश्न. स्टेज अर्ध्यात थांबवली तर मागून येणाऱ्या स्पर्धकांचे नुकसान होते. मग अपघात पाहूनही कोणी थांबेल का?

मार्शल_जुना

हा प्रश्न अगदी नेमका आहे आणि नियमावलीत त्याचे उत्तर आहे. प्रत्येक गाडीत एक फलक असतो, त्याच्या एका बाजूला लाल रंगात एसओएस आणि दुसऱ्या बाजूला हिरव्या रंगात ओके. अपघात होऊन दोघे सुखरूप असतील तर त्यांनी पुढच्या किमान तीन गाड्यांना हिरवी बाजू दाखवायची आणि गाडीच्या मागे लाल त्रिकोण ठेवायचा. लाल एसओएस दिसला, किंवा मोठा अपघात होऊन आतले दोघे दिसतात पण फलक दाखवत नाहीत, तर मागच्या गाडीने थांबलेच पाहिजे. न थांबणाऱ्याची तक्रार स्टुअर्डकडे जाते. लाल झेंडा मात्र मार्शल आपल्या मनाने काढत नाही. तो क्लर्क ऑफ द कोर्सच्या आदेशावरून ठरलेल्या ठिकाणी दाखवला जातो आणि तो दिसताच चालकाने वेग कमी करून उरलेली स्टेज संथपणे पार करायची असते.

ज्याला थांबावे लागले त्याला त्या स्टेजसाठी रास्त वाटेल अशी वेळ लावून दिली जाते. मदतीला थांबलेल्याचा एकही सेकंद वाया जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. काळी_कपारी यांनी सुचवलेल्या अटींत मी एवढीच भर घालीन की स्टेज थांबवल्याबद्दल आयोजकालाही तोटा होऊ नये. प्रायोजकाचे पैसे आणि पुढच्या वर्षीची परवानगी स्टेज पूर्ण होण्यावर अवलंबून असेल, तर शून्याच्या गाडीतल्या अधिकाऱ्यावर दडपण येते. ते दडपण काय असते, ते मी वायरलेसवर ऐकलेले आहे.